ज्योतीराम मेस्तरी आणि चौदा घरांचं पाणी

काळेवाडीत ज्योतीराम मेस्तरीचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नसे. वार्निशचा वास आला की समजायचं, आलं. छोटासा गाळा, पुढच्या फळीवर उघडून ठेवलेल्या पाण्याच्या मोटरी, आणि आत स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचे वेढे भरणारा ज्योतीराम. बोलायचा कमी. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की तो ती चालू करून डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग गेलंय." नाहीतर, "वाइंडिंग बरी आहे, कपॅसिटर बदलू." त्याचं निदान चुकल्याचं कुणी सांगितलं नाही.

परंडा तालुक्यातल्या एका गावातून तो एकोणिसाव्या वर्षी चिंचवडला आला. एमआयडीसीत वाइंडिंगच्या एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं राबला, हात बसला, आणि मग स्वतःचा गाळा घेतला. पुढं लग्न झालं. साधनानं शिवणकाम करून हातभार लावला आणि दोघांनी अर्ध्या गुंठ्यात दोन खोल्या बांधल्या. जागा स्वस्त मिळाली, कारण ती गल्लीच्या अगदी टोकाला होती. टोकाला असण्याचा अर्थ काय, हे पहिल्या उन्हाळ्यात कळलं.

गल्ली चौदा घरांची. तोंडाशी मारुतरावांची तीन मजली इमारत. मारुतराव मूळचे इथलेच. आता जिथं गल्ली आहे तिथं त्यांच्या वडिलांच्या काळात हरभरा व्हायचा. पालिकेचं पाणी एक दिवसाआड, सकाळी सहा ते साडेआठ यायचं. पाईप मारुतरावांच्या दारातून आत शिरायचा आणि एकेका घराला देत देत शेवटी ज्योतीरामच्या आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या सोजराबाईच्या नळापर्यंत पोचायचा. निदान पोचायला हवा होता.

मोटर थेट पाईपला लावून पाणी ओढायची सुरुवात कुणी केली, हे गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. ज्योतीरामला आठवत होतं, कारण पहिली मोटर त्यानंच बसवली होती. मधल्या एका घराला अर्ध्या एचपीची. महिनाभरात त्या घराच्या खालच्या दोघांचं पाणी बारीक झालं, तेही आले. मग वरच्यांनी एक एचपी घेतली. मग मारुतरावांनी दीडची. गेल्या पाच-सहा वर्षांत तेरा घरांत मोटरी झाल्या आणि त्यातल्या निम्म्या दोनदा बदलून झाल्या. प्रत्येकाला ज्योतीराम सांगायचा, "फरक पडेल." आणि पडायचाही. पंधरा दिवस. मग शेजारचा उठून दुकानात यायचा.

स्वतःच्या घरी त्यानं एक एचपी बसवली होती. ती सकाळी दीड तास घरघरायची आणि अर्धा ड्रम भरायची. कधी पाण्याऐवजी नुसती हवा ओढायची, कधी पाण्याला गटाराचा वास यायचा, कारण एवढ्या ओढीनं पाईपच्या सांध्यांतून काहीबाही आत शिरे. साधना ते पाणी दोनदा उकळायची.

चौदावं घर सोजराबाईचं. तिच्याकडे मोटर नव्हती. भूम तालुक्यातली ही विधवा बाई कंपन्यांत काम करणाऱ्या एकट्या पोरांना भाकरीचे डबे द्यायची. पाणी भरायला कळशी घेऊन मारुतरावांच्या दारातल्या नळापर्यंत चार-चार खेपा घालायची. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती दुकानात आली आणि पदराची गाठ सोडत म्हणाली, "ज्योतीराम, मला बी एक मोटर दे बाबा. मोठी दे. मारुतरावापेक्षा मोठी."

"मावशी, तुम्हाला कशाला?"

"कशाला म्हंजी? गुडघे गेलेत माझे. सगळ्यांला दिलीस, मलाच का न्हाई?"

तिच्या मागच्या फळीवर दोन एचपीची कोरी मोटर खोक्यात बसलेली होती. ज्योतीराम म्हणाला, "माल संपलाय मावशी. आला की सांगतो."

ती गेल्यावर त्याचा हातातला वेढा चुकला. ही मोटर दिली तर काय होणार, ते त्याला आधीच दिसत होतं. आठ दिवस सोजराबाईचा ड्रम भरेल, त्याचा स्वतःचा कोरडा राहील. साधना म्हणेल, आपणही दोनची घ्या. मग बाराव्या घरचा येईल, मग अकराव्या. आणि शेवटी सगळ्यांच्या घरी दोन एचपीच्या मोटरी होतील आणि पाणी असेल तेवढंच असेल. धंदा मात्र चांगला होईल. ही शेवटची गोष्ट मनात आली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पंधरा दिवस त्यानं मावशीला "माल येतोय" म्हणून झुलवलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी पहाटे डीपी जळाली आणि आख्ख्या भागाची वीज गेली. पाण्याचा दिवस होता. सहा वाजले तशी गल्लीत हाकाटी सुरू झाली. लाइट नाही, मोटर नाही, आता दोन दिवस करायचं काय? साधनानं कपाळाला हात लावला. ज्योतीराम दात घासत न्हाणीत उभा होता, तेव्हा नळातून फुस्स असा आवाज आला. मग नळ खोकल्यासारखा दोनदा धडधडला. आणि मग पाणी आलं. करंगळीएवढी धार, मग अंगठ्याएवढी.

"अहो!" साधना ओरडली. "ड्रम आणा, ड्रम!"

भिंतीपलीकडून सोजराबाईचा आवाज आला, "आगं बाई, माझ्या नळाला पाणी आलं! ज्योतीराम, बघ की रं!"

पावणेआठपर्यंत दोन्ही घरांचे ड्रम, हंडे, बादल्या, पातेली भरून वाहिली. पाण्याला वास नव्हता. ज्योतीराम गल्लीभर चालत गेला. सगळ्यांची भांडी भरलेली. मारुतरावांचा हौदसुद्धा काठोकाठ. लोक म्हणत होते, आज पालिकेनं जास्त पाणी सोडलं. एकजण म्हणाला, कुणीतरी वरिष्ठ अधिकारी येणार असेल. ज्योतीराम दिवसभर गाळ्यात बसून राहिला. त्यानं एकाही मोटरीला हात लावला नाही.

संध्याकाळी वीज आली. त्यानं चार माणसं गोळा करून सांगितलं, "पाणी जास्त नव्हतं सुटलं. मोटरी बंद होत्या. सगळ्यांच्याच."

लोकांनी माना डोलावल्या. मोटर पाईपवरून काढायची, आधी नळाचं पाणी ड्रममध्ये पडू द्यायचं आणि मग ड्रममधून वरच्या टाकीत चढवायचं, हे सगळ्यांना पटलं. दोघंतिघं म्हणाले, "आम्ही काढतो." ज्योतीरामनं त्याच संध्याकाळी सगळ्यांदेखत स्वतःची मोटर पाईपवरून काढली.

शनिवारी सकाळी सहा वाजता तो पायरीवर बसला. दहा मिनिटं शांतता. मग मधल्या सुजितच्या घरातून एक घरघर उठली. लगेच तिच्या वरची, मग खालची, मग मारुतरावांची दीडची. प्रत्येक मोटर आवाजावरून त्याला ओळखू येत होती. जणू हजेरी चालली होती. त्याच्या नळाला थेंब आला नाही.

साधना रिकामा ड्रम आपटून म्हणाली, "आता यात काय भरू? तुमचा चांगुलपणा?"

त्यानं तरी मोटर परत पाईपला लावली नाही. दोन कळश्या उचलल्या आणि सोजराबाईच्या मागोमाग मारुतरावांच्या दाराशी जाऊन रांगेत उभा राहिला.

रविवारी तो सुजितकडे गेला. सुजित आणि त्याची बायको स्वरूपा दोघंही चाकणला कंपनीत होते. सुजित शरमला, पण खरं बोलला. "भाऊ, मला काय हौस आहे का? फर्स्ट शिफ्टची बस सव्वासहाला येते. आम्ही दोघं घरातून गेलो की कोण भरणार? दहा मिनिटांत ओढलं नाही तर दोन दिवस कोरडे."

हे ज्योतीरामच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की लोक हावरे आहेत. आता दिसलं की लोक घाबरलेत, आणि प्रत्येकाच्या भीतीला काहीतरी कारण आहे. सोजराबाई त्याच्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "किल्ली ठिवून जात जा माझ्याकडं. मी भरते तुझा ड्रम. तेवढं तर करीन मी."

मग राहिले मारुतराव. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेस्तरी, पाईप माझ्या दारातनं जातोय. मी पयला. मला काय गरज हाय?"

"गरज नाही, दादा. पण गुरुवारी लाइट नव्हती तेव्हा तुमचा हौद भरला की नाही?"

"भरला व्हता की."

"किती वाजता?"

"साडेसातला."

"आणि मोटर लावून साडेसहाला भरतो. एका तासाचा फरक. त्या तासासाठी खालच्या बाया तुमच्या दारात दर पाण्याला भांडतात."

मारुतरावांनी पेपर खाली ठेवला. सहा भाडेकरू होते त्यांच्याकडे, आणि दारातली रांग त्यांच्या सुनेच्या डोक्याला ताप झाली होती. "बरं, मी बंद ठिवतो. पर खालच्यानं चोरून लावली तर? माझे भाडेकरू मला शिव्या घालत्याल."

"म्हणून सगळ्यांनी दारं उघडी टाकून बाहेर बसायचं. मोटर चालली की ऐकू येते."

"न्हाई आली तर?"

"गल्लीतली प्रत्येक मोटर माझ्या हातची आहे, दादा. मला ऐकू येईल."

मारुतराव हसले. "ते बी खरंच."

पुढच्या दोन दिवसांत ज्योतीरामनं बारा घरांतल्या मोटरी पाईपवरून काढून ड्रमला जोडल्या. मजुरी घेतली नाही. बुधवारी सकाळी सहाला चौदाच्या चौदा दारं उघडी होती. बाया पायरीवर, पुरुष ओट्यावर, कुणी चहा घेऊन, कुणी दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून. पाणी वरच्या टोकाला आलं. हळूहळू खाली सरकत होतं आणि घराघरातून आवाज येत होता, "आलं! आमच्यात आलं!"

पावणेसातला मारुतरावांच्या इमारतीतून घरघर ऐकू आली.

एकदम गलका झाला. "बघा, म्हणालो नव्हतो?" "मोठ्यांचं असंच!" दोघंजण मोटर लावायला आत पळालेही. ज्योतीरामनं डोळे मिटले. आवाज मोटरीचा होता, पण पाण्याचा भार त्यावर नव्हता. आणि मध्येच तो जड होत होता, पुन्हा हलका होत होता.

"थांबा!" तो ओरडला. इतक्या मोठ्यानं ओरडल्याचं साधनानं कधी ऐकलं नव्हतं. "पाण्याची मोटर नाही ही! घरघंटी आहे. कुणीतरी दळतंय."

कुणाचा विश्वास बसेना. मारुतराव लालबुंद झाले होते. ते आता चिडून दार लावून घेतील असं वाटलं. पण त्यांनी दार सताड उघडलं आणि म्हणाले, "या आत. सगळे या. बघा डोळ्यांनी."

सात-आठ जण आत शिरले. स्वयंपाकघरात मारुतरावांची सून ज्वारी दळत होती. एवढे लोक बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "काय झालं मामंजी?" हौदाशेजारची मोटर गार पडलेली, वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली.

सोजराबाईच पहिल्यांदा हसली. मग मारुतरावांची सून हसली, मग सगळी गल्ली. जे दोघं पळाले होते ते मुकाट्यानं परत पायरीवर येऊन बसले. सात वाजून पाच मिनिटांनी शेवटच्या दोन नळांना पाणी आलं.

ज्योतीराम न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला आणि ड्रम भरताना बघत राहिला. त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. साधनानं विचारलं, "रडताय की काय?" तो म्हणाला, "वार्निश गेलंय डोळ्यात." दुकान तर अजून उघडलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर सगळं सुरळीतच झालं असं नाही. मे महिन्यात पालिकेनं पाण्याची वेळ कमी केली तेव्हा मारुतरावांच्याच एका भाडेकरूनं चोरून मोटर लावली. ज्योतीरामच्या आधी सोजराबाईनं ती ऐकली. बायांनी ओट्यावरच ठरवलं की ज्याची मोटर वाजेल त्यानं पुढच्या खेपेला सगळ्यांच्या शेवटी भरायचं. मारुतरावांनी ते आपल्या भाडेकरूला स्वतः सांगितलं. तो कुरकुरला, पण शेवटी भरलं. त्यालाही पुरलं. पुन्हा तसं कुणी केलं नाही. पुढं केलंच तर काय, हा प्रश्न उरतोच, पण आता त्याला उत्तर द्यायला चौदा घरं आहेत.

सोजराबाईला त्यानं एक दिवस खरं सांगून टाकलं. "मावशी, तेव्हा माल होता. मीच दिला नाही."

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "खोक्यावर दोन लिहिलेलं मला वाचता येतं की." आणि त्याच्या हातात गरम भाकरी ठेवली.

दुकानात जळक्या मोटरी आता कमी येतात. उन्हाळ्यात पंख्यांची आणि कूलरची वाइंडिंग असते, तेवढ्यावर भागतं. परवा पाण्याच्या दिवशी साधनानं हिवाळ्यापासून राहिलेल्या गोधड्या धुवायला काढल्या. स्वरूपाची रजा होती, तीही मदतीला आली. दोघींनी गोधड्या पिळून गल्लीच्या दोन्ही बाजूंनी वाळत घातल्या. ज्योतीराम आत झोपला होता. पाणी भरायलाही त्याला कुणी उठवलं नाही. दुकानात पोचला तेव्हा साडेदहा वाजले होते आणि एक गिऱ्हाईक पंखा मांडीवर घेऊन फळीवर बसलं होतं.

"काय मेस्तरी, आज उशीर?"

"हो," ज्योतीराम कुलूप काढत म्हणाला. "झोप लागली होती."