सारायेव्होकाका

एका युवराजाच्या खुनाबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तोही जेवणाच्या टेबलावर, श्रीखंड वाढून झालेलं असताना. परदेशातल्या आमच्या या बॉथेल गावात कुणाच्याही घरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की काका आधी भांडी गोळा करायचे. मोठा डोंगा ऑस्ट्रिया, लोणच्याची बरणी सर्बिया, कढीचं पातेलं रशिया. "सारायेव्होत युवराज उघड्या गाडीतून चाललाय," अशी सुरुवात झाली की यजमान मंडळी कढी घाईघाईने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची. कारण रशिया एकदा हलला की अर्धा तास जागेवर येत नसे.

काका साताऱ्याकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलगा आणि सून त्यांना बॉथेलला घेऊन आले. सारायेव्होकाका हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धाची ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग खुनी सापडला का?" टेबलावर हशा पिकला. काका हसले नाहीत.

"जागच्या जागी सापडला. तिथेच संपायला हवं होतं, नाही का? खटला चालवा, शिक्षा करा, मिटवा. पण खून हे कारण नव्हतं रे, ती सोय होती."

युवराज ऑस्ट्रियाचा, मारणारा सर्ब. ऑस्ट्रियाला सर्बियाचा काटा काढायचाच होता, हिंमत तेवढी होत नव्हती. त्याने जर्मनीला विचारलं. जर्मनीने सांगून टाकलं, करा काय करायचं ते, आम्ही आहोत. सर्बियाच्या मागे रशिया उभा, रशियाच्या मागे फ्रान्स. "प्रत्येक जण दुसऱ्याच्या इज्जतीसाठी निघाला. आपलं स्वतःचं काय बिघडलंय, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं." एवढं बोलून त्यांनी टेबलावरचं सगळ्यांत मोठं ताट माझ्यासमोर सरकवलं. "तू जर्मनी. आवाज मोठा, पोट मोठं, विचार नंतर." त्यानंतर प्रत्येक पॉटलकला मीच जर्मनी झालो. मला त्यात मान वाटायचा, ही माझी अक्कल.

त्यांची आणखी एक लकब अशी, की म्हाताऱ्या सम्राटाची गोष्ट सांगताना ते आवाज एकदम खाली आणायचे. सम्राटाला हा युवराज मुळात आवडतच नव्हता. अंत्यविधी इतका आटोपशीर केला की लोकांनाच लाज वाटली. "जिवंत होता तेव्हा डोळ्यांत खुपायचा. मेल्यावर मात्र साम्राज्याची अब्रू झाला." आणि मग, अगदी सहज, "आमच्या आजोबांचा भाऊ त्या युद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला तो आलाच नाही. एकट्या आमच्या आळीतले तिघे. त्यांना युवराजही माहीत नव्हता आणि सारायेव्होही."

ही गोष्ट मनापासून ऐकणारा माणूस एकच, शेजारच्या बेलव्ह्यू गावचे तात्या. मूळचे नागपूरचे, वीज मंडळातून निवृत्त. कान पार गेलेले, मशीन लावलं तरी समोरच्याचे ओठ बघूनच समजायचं. दर बुधवारी बॉथेलच्या लायब्ररीत ज्येष्ठांचा कट्टा भरायचा. बॉथेलचं मराठी मंडळ आणि बेलव्ह्यूचं मंडळ मिळून गाड्यांची सोय करायची, कारण आपल्या या म्हाताऱ्यांना इकडे गाडी चालवता येत नाही आणि मुलं ऑफिसात. तात्या काकांच्या बरोबर समोर बसत आणि भांडत.

"तुमचा युवराज बावळटच होता ना बाप्पा! सकाळी बॉम्ब पडला, तरी पुन्हा उघड्या गाडीतून फिरतो?"

"तात्या, तो जखमींना बघायला निघाला होता. माणुसकी केली आणि मेला."

"मग घरी बसून पत्र धाडायचं. काय सर तुम्ही पण!"

काकांची सून एकदा मला म्हणाली, "बुधवारी बाबा दोन पोळ्या जास्त खातात."

मग गणपतीत आमचा सारायेव्हो झाला. दोन्ही मंडळांचा एकत्र उत्सव होता. आमचा अध्यक्ष मिलिंद, माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याचा मुलगा अर्णव ढोल वाजवत असताना हॉलची वेळ संपली म्हणून बेलव्ह्यूच्या एका स्वयंसेवकाने मध्येच माइक हातात घेतला आणि सरळ आरती सुरू केली. बस्, इतकंच. आदल्या आठवड्यात मिलिंद स्वतःच अर्णवला म्हणाला होता, "यार, तू स्टेजवर जाऊच नकोस, लाज आणशील." पण त्या रात्री व्हिडिओ ग्रुपवर फिरला आणि अर्णव बॉथेलची अब्रू झाला. अर्णवचं स्वतःचं म्हणणं, "डॅड, आय वॉज डन एनीवे."

मिलिंदचा फोन आला. "विन्या, मी त्यांना सोडत नाही. तू आहेस ना?"

मी बॅग भरत होतो. दुसऱ्या दिवशी आमची अलास्का क्रूझ. बायको पासपोर्ट शोधत ओरडत होती. मी म्हटलं, "कर तू काय करायचं ते. मी आहे." फोन ठेवला आणि आठवडाभर हिमनग बघत, बुफेला तीन-तीनदा जात, नेटवर्कशिवाय अत्यंत सुखात राहिलो. परत आल्यावर काकांनी विचारलं, "कुठे होतास?" मी सांगितलं. ते म्हणाले, "जर्मनीचा कैसरसुद्धा तेव्हा बोटीवरच गेला होता. उत्तरेलाच." मला वाटलं, कौतुक करतायत.

तोवर मिलिंदने बेलव्ह्यूला ईमेल पाठवली होती. जाहीर माफी मागा, त्या स्वयंसेवकाला काढा, आणि तुमच्या चौकशीत आमचा माणूस बसवा. पाठवण्याआधी मसुदा काकांना दाखवला होता, शुद्धलेखन तपासायला. काका म्हणाले होते, "मिलिंद, हे पत्र मान्य व्हावं म्हणून लिहिलेलं नाही, नाकारलं जावं म्हणून लिहिलंय." मिलिंद म्हणाला, "काका, शुद्धलेखन ठीक आहे ना?"

बेलव्ह्यूने बाकी सगळं कबूल केलं. फक्त आपल्या चौकशीत बाहेरचा माणूस नको म्हणाले. झालं. मंडळं फुटली. पोर्टलंडचं मंडळही कुणाच्या तरी बाजूने उतरलं, कुणाच्या ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. आणि एकत्र गाड्या बंद झाल्या, म्हणून बुधवारचा कट्टा बंद झाला.

फोनचा उपयोग नव्हता, तात्यांना ऐकू येत नसे. व्हिडिओ कॉलवर चित्र अडके, काकांचे ओठ वाचता येत नसत, आणि मध्येच तात्यांचं नुसतं कपाळ दिसे. काका एकदा कुणालाही न सांगता बसने निघाले. दोन बस बदलायच्या होत्या, दुसरी चुकली. अंधार पडताना पोलिसांनी घरी आणून सोडलं. मुलगा रागावला, सून रडली, आणि बसला बंदी आली.

मग त्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होते. "मला एकदा बेलव्ह्यूला सोडशील?"

मी मंडळाचा उपाध्यक्ष. माझी गाडी तात्यांच्या दारात कुणी पाहिली असती तर मिलिंदला काय तोंड दाखवणार? "काका, नेक्स्ट वीक नक्की," म्हणालो. असे बरेच नेक्स्ट वीक झाले. जानेवारीत तात्या न्यूमोनियाने गेले. बेलव्ह्यूचा ग्रुप आम्ही सोडलेला, त्यामुळे बातमी फिरत फिरत आली. तोवर अंत्यसंस्कार होऊन गेले होते.

पुढच्या दिवाळीला तह झाला. एकट्या मंडळाने हॉल भरत नव्हता, एवढंच कारण. मिलिंद आणि बेलव्ह्यूचे अध्यक्ष स्टेजवर मिठी मारून उभे राहिले, लोकांनी फोटो काढले. अर्णव कॉलेजला निघून गेला होता, आलाच नाही. कुणीतरी ओरडलं, "काका, होऊन जाऊ दे सारायेव्हो!" भांडी आली, माइक आला.

काका उभे राहिले. "माझा ऐकणारा आलेला नाही," म्हणाले आणि खाली बसले.

"तात्या? काका, त्यांना तर ऐकूच यायचं नाही!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. मीही हसलो. नंतर आजूबाजूला बघून थांबलो.

पुढच्या महिन्यात काका कायमचे साताऱ्याला निघाले. मुलाची मीटिंग होती म्हणून विमानतळावर सोडायला मी गेलो. मला गप्प बसता येत नाही हा माझा जुना आजार. वाटेत बेलव्ह्यूच्या इमारती दिसल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा काका, आलंसुद्धा बेलव्ह्यू. ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटं."

"कळलं," काका म्हणाले.

डिपार्चरच्या दाराशी व्हीलचेअर आली. मी सामान उतरवलं, पाया पडलो, काहीतरी बडबडू लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"घाबरू नकोस. इतिहासात तुझं नाव येणार नाही. आम्ही लिहिताना 'वातावरण तापलेलं होतं' एवढंच लिहितो. ते वातावरण म्हणजे तू. आता गाडी काढ, मागे लोक खोळंबलेत."

मी गाडी काढली.