पळाली, असं सांगायचं

हे मी लिहावं की नाही, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिला. लिहिण्याची सवय नाही, आणि घरातली मारामारी चारचौघांत मांडायचा हक्क मला कोणी दिलेला नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण जे झालं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या पायावर झालं, आणि तिला मराठी लिहिता येत नाही.

बाबा न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावात कांद्याच्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतात. बहीण सात वर्षांची असताना आम्ही सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. मागच्या अंगणात बार्बेक्यू चालू होतं आणि कुठल्याशा जुन्या गोष्टीवरून दोघा भावांची जुंपली. बाबांनी सगळ्यांसमोर काकांच्या कानाखाली मारली. काकांनी हातातला चिमटा फेकला. बाबांची भुवई फुटली. काका तसेच घराच्या पुढच्या बाजूला गेले. गाडीचं दार आपटलं, गाडी जोरात मागे आली, आणि त्यानंतर जो आवाज झाला तो मला अजून कोणाला सांगता आलेला नाही.

धावत गेलो तर बहीण मागच्या चाकाखाली होती. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. क्षणापूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे आता मिळून गाडी उचलू पाहत होते. बाबांच्या भुवईचं रक्त काकांच्या हातांवर गळत होतं.

हॉस्पिटलात, पोलीस यायच्या आत, दोघांचं ठरलं. भांडण झालंच नाही. पोर पळत गाडीमागे आली. नाहीतर काकांचा व्हिसा गेला असता, आणि बाबांनाही ती थप्पड सांगावी लागली असती. शुद्धीवर आल्यावर बहीण म्हणाली की मी ड्राइव्हवेवर बसून जँडलचा निघालेला पट्टा लावत होते. जँडल म्हणजे इथली रबरी चप्पल. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "नाही बाळा, तू पळालीस. तुला आठवत नाहीये."

हे इतक्या वेळा सांगितलं गेलं, की पुढे तिला तसंच आठवायला लागलं. मी भांडण पाहिलं होतं, पण गाडीमागे काय झालं ते पाहिलं नव्हतं. मी गप्प राहिलो.

पुढची ऑपरेशनं न्यूझीलंडमध्ये झाली. इथलं सरकारी अपघात खातं खर्च करतं आणि चूक कोणाची हे विचारत नाही, त्यामुळे विषय संपला असं आम्हाला वाटलं. मग खात्यातल्या एका बाईंचा फोन आला. अपघात ऑस्ट्रेलियातला, तिथे गाडीच्या विम्यातून मुलीला भरपाई मागता येते, तेव्हा ती मागावी लागेल आणि मिळाली की खातं आपला खर्च त्यातून वळता करून घेईल, असं त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. मी एकेक वाक्य बाबांना मराठीत सांगत होतो. बाबांनी फोन माझ्या हातातून ओढून भिंतीवर फोडला.

"एका हातानं द्यायचं आणि पोरीच्या हातातनं हिसकावायचं?"

खरी भीती वेगळीच होती. दावा काकांच्या चुकीवर उभा राहणार होता. दाव्यासाठी गाठलेले वकील म्हणाले, पोर पळत आली असेल तर ड्रायव्हरची चूक धरणार नाहीत आणि तिला काहीच मिळणार नाही. तिचा पाय तर आखूड राहणार, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

नोटीस मिळताच काका विमानानं आले. बूटही न काढता थेट स्वयंपाकघरात शिरले.

"सख्ख्या भावावर केस टाकलीस?"

"मी नाही टाकली. सरकार टाकायला लावतंय."

"मग सांग की सरकारला, कोणी कोणाला आधी मारलं ते."

बाबांनी त्यांना ओट्यावर ढकललं. कुकर खाली पडला, वरण आईच्या पायावर सांडलं. काकांनी बाबांची कॉलर धरून त्यांचं डोकं फ्रिजवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. आई किंचाळत मध्ये घुसली. पायात लोखंडी सळ्या घातलेली बहीण भिंत धरत दारापर्यंत आली.

"सॉरी काका," ती म्हणाली. "मीच पळाले ना."

काकांनी कॉलर सोडली. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं आणि पाणीही न पिता ते निघून गेले.

त्यानंतर मी वेलिंग्टनला शिकायला आलो. घरी फोन करून केसचं विचारलं की आई उलट माझ्या जेवणाचं विचारायची. परवा लायब्ररीच्या पायऱ्यांवर वाऱ्यात उभा होतो, तेव्हा बहिणीचा फोन आला. नेहमीसारखी इंग्रजीत, भराभर बोलत होती. भरपाई मंजूर झाली. सरकारनं आपला खर्च कापून घेतला. उरलेलं ती मोठी होईपर्यंत कोणाला हात लावता येणार नाही. मी विचारलं, पण मंजूर झाली कशी?

काकांनी वकिलासमोर लिहून दिलं होतं. गाडीत बसण्याआधी त्यांनी तिला पाहिलं होतं. ती खाली बसून जँडल लावत होती. गाडी सुरू झाली की घाबरून उठेल, असं त्यांना वाटलं होतं.