उजव्या खांद्यावरची कोलांटी

नऊ वर्षे मी आमच्या तालमीत एक असत्य सांभाळले. मी शिकवीत होतो ती विद्या खरी होती. खोटा होता तिचा गुरू. मुंबईत एका जपानी गृहस्थाने मला ती दिली, असे मी सर्वांना सांगितले होते. वस्तुतः माझे गुरू रत्नागिरीतच, मांडवी बंदराजवळ राहणारे एक वृद्ध तांडेल होते. शाळामास्तराने खलाशाकडे शिष्य म्हणून जावे, याची मला लाज वाटली.

तरुणपणी आगबोटीवर त्यांचा डावा खांदा मोडला. बोट त्यांना जपानात, कोबे बंदरावर सोडून निघून गेली. एका म्हाताऱ्या माळ्याने त्यांना घरी नेले. त्या माळ्याच्या घराण्यात निंजुत्सु, म्हणजे हेरांची लपण्याची आणि निसटण्याची विद्या, पिढ्यानपिढ्या चालत आली होती. तीन वर्षे राहून तांडेलांनी ती घेतली.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा महायुद्ध संपून तीन-चार वर्षे झाली होती. प्रथम त्यांनी मला चालायला शिकवले, काजूच्या बागेत, वाळक्या पाचोळ्यावर. पावलाची बाहेरची कड आधी टेकवायची, पानाचा अंदाज घ्यायचा, मग भार सोडायचा. ते माझ्याकडे पाठ करून बसत. पान वाजले की मी पुन्हा कुंपणापाशी. दोन महिन्यांनी माझा हात त्यांच्या खांद्याला लागला. मागे न पाहताच ते म्हणाले, मास्तरांना आता मांजरेही शिकवणीला बोलावतील.

पडणे मात्र मला जमेना. आम्ही कुस्तीत वाढलेले. पाठ मातीला लागली की माणूस हरला, हे हाडांत मुरलेले. ऐन वेळी मी अंग ताठ करी आणि आपटे.

"पाठ द्या जमिनीला, मास्तर. ती घेऊन पळत नाही."

हनुवटी छातीशी, हात गोल, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत तिरके गडगडायचे आणि त्याच वेगात उभे राहायचे. पुढे मी कातळावरूनही न खरचटता उठू लागलो. आज पंचावन्नाव्या वर्षीही उठतो.

दक्षिणा त्यांनी एकच मागितली. सरावापूर्वी माळ्याचे आणि मागोमाग त्यांचे नाव घ्यायचे. मी तालमीत घेत राहिलो ते त्या कल्पित जपान्याचे.

तालमीतल्या एका वकिलाच्या कारकुनाने एकदा विचारले, कोलांटी नेहमी उजवीकडूनच का? जपानी रीतच तशी, असे मी ठामपणे सांगितले. खरे कारण मला पुरते ठाऊक होते.

नवव्या वर्षी हनुमान जयंतीला आम्ही प्रात्यक्षिके केली. वीस जण ओळीने उजव्या खांद्यावरून गडगडले आणि एकदम उभे राहिले. टाळ्या थांबल्या, तेव्हा पुढच्याच रांगेत तांडेल बसलेले मला दिसले.

"मास्तर, तुमच्या त्या जपान्यानंपण डावा खांदा मोडून घेतलान होता काय हो?"

लोक हसले, त्यांना काही उमगले नव्हते. मला मात्र निसटण्याच्या साऱ्या युक्त्या येत असूनही तेथून निसटावेसे वाटले नाही. मी त्यांच्यासमोर मातीत बसलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"ही विद्या मला या तांडेलांनी दिली. कोणी जपानी गृहस्थ नव्हता. मला यांची लाज वाटली, म्हणून नऊ वर्षे मी यांचे नाव गाळले. तांडेल, माझे चुकले. मला क्षमा करा."