सोमवारच्या डब्यातली गोळी

तुमच्या घरात हृदयासाठी म्हणून रोज एक छोटी गोळी घेणारं कुणी आहे का? असेल, तर ती गोळी त्यांना कुणी लिहून दिली, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं नव्हतं. आणि विचारणं हेच माझं काम आहे.

सोमवार होता. ऑक्टोबरचं ऊन. आबा उपकेंद्राच्या बाकावर बसले होते आणि त्यांचा हात माझ्या हातात गार, घामाने ओला लागत होता. शेजारी त्यांची सून वैशाली उभी होती.

"बंगल्यात फरशी पुसता पुसता खाली बसले," ती म्हणाली. "डोळ्यांपुढं अंधारी आली म्हनले."

मळवलीजवळच्या एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षणाने नर्स. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतात. गावात रुग्णाला पहिला हात लागतो तो माझा. आबा एका बंगल्याचे केअरटेकर. मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. उरलेले दिवस बंगला आबांचा.

बीपी घेतलं. वरचा आकडा ब्याण्णव. एरवी त्यांचा एकशेचाळीसच्या खाली येत नाही. नाडी एकशेवीस. बीपी खाली आणि नाडी जोरात, याचा साधा अर्थ असा, की शरीरातून काहीतरी कमी होतंय आणि हृदय धावपळ करून ते भरून काढतंय.

मला वाटलं, पाणी. उन्हात काम, वय सत्तरीचं. मी ओआरएसचं पाकीट फाडायला घेतलं.

"आबा, पाणी पीत नाही तुम्ही."

"पितो की पोरी. तुज्या कागदापरमाणं. उठल्यावर दोन गिलास, कामात तासातासाला येक, जेवायच्या आदी येक, झोपताना येक. येकबी चुकवला न्हाई."

माझा हात थांबला. पाणी कमी नव्हतं. मग काय कमी होत होतं?

तो कागद खरंच माझा होता. लहानपणी घोरावाडीला आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा कामगार संघटनेची पत्रकं जास्त यायची. बाबा कंपनीतून सुटले की वाटायला निघायचे, घड्या घालायचं काम माझं. छापलेलं माणूस मानतो, हे मी तिथे शिकले. म्हणून इथे रुजू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी पत्रक काढलं, 'हृदय सांभाळा'. तहान लागायची वाट पाहू नका. मीठ कमी. मिश्री, तंबाखू बंद. घराघरांत वाटलं. कुणी देव्हाऱ्याशेजारी लावलं, कुणी फ्रीजवर.

"परसाकडं कसं होतंय?" मी विचारलं.

आबांनी सुनेकडे बघितलं. मी वैशालीला बाहेर पाठवलं.

"काळं," ते हळूच म्हणाले. "डांबरावानी. चार दिस झालं."

लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते. त्या चालू आहेत का, विचारलं. नव्हत्या. म्हणजे ते रक्त होतं. जठरात रक्तस्राव झाला, की ते रक्त पचत पचत खाली जातं आणि डांबरासारखं काळं, चिकट होतं. बाहेर एक थेंब दिसत नाही आणि माणूस आतून रिकामा होत जातो.

"आबा, गोळ्या कुठल्या घेता?"

"गुडघ्याची. मेडिकलवाला देतो ती."

"अजून?"

"अन् ती हृदयाची, बारकी. झोपताना."

"तुम्हाला हृदयाचा त्रास आहे? मला माहीत नाही."

"तरास न्हाई. हू नये म्हून."

मी वैशालीला हाक मारली आणि गोळ्या आणायला घरी पिटाळलं. ती धावतच स्टीलचा डबा घेऊन आली. इथल्या केअरटेकरांच्या घरी हा डबा असतोच. पाहुणे गेले, की सोमवारी बंगल्याचा फ्रीज रिकामा करायचा आणि उरलेलं घरी न्यायचं, ही जुनी रीत. अर्धा ब्रेड, चीज, सॉसची बाटली. मालकांना ते ठाऊक असतं, कुणी हरकत घेत नाही. पण फ्रीजच्या दारात औषधांच्या स्ट्रिपाही राहतात. त्याही डब्यात येतात. टाकायच्या कशा, चांगल्या असतात!

डब्यात ॲस्पिरिनच्या तीन स्ट्रिपा होत्या. एक संपलेली.

"बंगल्याच्या सायबांची हाये," आबा म्हणाले. "त्यांना अटॅक आलता. तवापासून रोज झोपताना येक गोळी, गिलासभर पानी. बग, कसे टकाटक हायेत. आन तुज्या कागदावरबी हायेच की, हृदयाची गोळी रोज घ्या."

होतं. माझ्या मूळ मजकुरात ओळ अशी होती: डॉक्टरांनी हृदयाची गोळी लिहून दिली असेल, तर ती रोज वेळेवर घ्या, चुकवू नका. म्हाताऱ्या माणसांना वाचता यावं म्हणून मी अक्षरं मोठी केली. ओळ पानाबाहेर जायला लागली. मी 'डॉक्टरांनी' आणि 'लिहून दिली असेल, तर' हे शब्द कापले. उरलं ते: हृदयाची गोळी रोज वेळेवर घ्या, चुकवू नका. प्रूफ वाचताना मला ते जास्त ठसठशीत वाटलं होतं.

मी एकशेआठला फोन केला, मग डॉक्टरांना.

"सर, शौचाला काळी, बीपी ब्याण्णव, पल्स एकशेवीस. पेनकिलर आणि ॲस्पिरिन, दोन्ही चालू."

"ॲस्पिरिन? कुणी लिहून दिली?"

"कुणीच नाही सर. म्हणजे... बहुतेक मीच."

"ते नंतर बोलू. सलाईन लाव. आडवं झोपव, पाय उंच. तोंडाने काहीही नको. पाणीसुद्धा नाही."

सलाईन लावलं. पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा सापडली. अॅम्ब्युलन्स निघाली होती, पण रेल्वे फाटकाच्या पलीकडे अडकली. एक एक्स्प्रेस गेली. फाटक उघडेना. मागून मालगाडी येत होती. आवाज उपकेंद्रात ऐकू येत होता आणि मी डबे मोजल्यासारखी आबांची नाडी मोजत होते. एकशेचोवीस. एकशेअठ्ठावीस.

"पोरी, तोंड सुकलंय. घोटभर पानी दे."

"नाही देता येत, आबा."

"आरं तिच्या! कागदावर पानी प्या, पानी प्या, अन् आता मागतोय तर देत न्हाईस?"

वैशालीला रडता रडता हसू आलं. मला आलं नाही. जठरात दुर्बीण घालून रक्त कुठून येतंय ते बघायचं, तर पोट रिकामं हवं. हे मी समजावून सांगितलं. ओला कापूस त्यांच्या ओठांवर फिरवला. तेवढंच माझ्या हातात होतं.

फाटक उघडलं. आबांना स्ट्रेचरवर घेताना त्यांची बोटं माझ्या ओढणीत अडकली होती. ती सोडवायला मला वेळ लागला.

रुग्णालयातून दुपारी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. जठरात जखम. दुर्बिणीतूनच रक्त थांबवलं, दोन पिशव्या रक्त चढवलं. अजून धोका टळला असं म्हणत नव्हते.

त्या दुपारी मी रागाने नवीन पत्रक लिहायला बसले. राग साहेबांवर होता, मेडिकलवाल्यावर होता, सगळ्यात जास्त स्वतःवर. मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ॲस्पिरिन आजच बंद करा!' गावच्या आशा सेविका मंदाताई कपाटाची आवराआवर करत होत्या. त्यांना वाचायला दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, आमच्या सासऱ्यांना स्टेंट टाकलीये. हे वाचलं तर ते आज गोळ्या उकिरड्यावर फेकतील."

मी कागद परत घेतला. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी. ॲस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही, म्हणून ती जाळी मोकळी राहते. अशा माणसाने मनाने गोळी सोडली, तर जीव जाऊ शकतो. माझ्या कागदाने एकाला गोळी चालू करायला लावली, हे सकाळीच कळलं होतं. दुपारी दुसऱ्याची बंद करायला निघाले होते. कागद फाडला.

ॲस्पिरिन वाईट नाही. साहेबांना ती साहेबांचे रिपोर्ट बघून दिली होती. आबांचा रिपोर्ट कुणी काढलाच नव्हता. ज्याला हृदयाचा आजार नाही, वय झालंय आणि वर पेनकिलर चालू आहे, त्याला फायद्याआधी रक्तस्रावच गाठू शकतो. पाण्याचंही तेच. उन्हात राबणाऱ्याने भरपूर प्यावं. पण हृदय किंवा किडनी कमजोर असेल, तर डॉक्टर पाणीही मोजून प्यायला सांगतात. सगळ्यांना एकच माप लागू पडत नाही, आणि मी एकच माप छापून घरोघरी वाटलं होतं.

आबा आठवड्याने परत आले. वाळलेले, पण चालत. मी घरी गेले आणि माझी चूक त्यांना नीट सांगितली. कापलेली ओळ वाचून दाखवली.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी अक्षरं मोठी केलीस म्हून मी आडवा झालो?"

"हो आबा."

"मग बारीकच ठेव. आमी चष्मा लावू."

आता मी आणि मंदाताई घरोघर जाऊन डबे ओततो. प्रत्येक स्ट्रिप हातात घेऊन विचारतो, कुणाची, कुणी दिली, कधी दिली. तिसऱ्याच घरी पुन्हा ॲस्पिरिन निघाली. 'पावणे इसरून गेले'.

तुम्हीही आज तेवढंच करा. घरातला औषधांचा डबा ताटात ओता. ज्या गोळीसाठी घरातल्या माणसाच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी नाही, ती बाजूला काढा आणि डॉक्टरांना दाखवा. चिठ्ठी असेल, तर मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी विचारा. आणि तुमचा कुठे बंगला असेल, तर निघताना फ्रीजच्या दारातली औषधं बरोबर घेऊन जा. ब्रेड राहू द्या.