मुकी काच आणि भैरोबाचं आवतण

उंब्रजच्या जोतीरामनं उभी हयात गोव्याला, यॉटींना, म्हंजे शेटलोकांच्या ऐषारामी बोटींना, काचा बसवण्यात घालवली. खाली इंजिन घरघरतंय, वर मालक शेट झोपलाय आणि मधली काच गुणगुणली, तर शेटची झोपमोड. म्हणून दोन काचांमधी मऊ पापुद्रा घालून त्या चिकटवायच्या, कडंनं जाड रबर लावायचं, काचेची आन लोखंडाची कुठंबी गाठ पडू द्यायची न्हाई. थरथर रबरातच जिरली पायजे. काम चोख करायचा, ह्यात वाद न्हाई. वाईट एवढंच, की तो ते सांगायचा. मयताला आलेल्या माणसालाबी सांगायचा.

एका साली सुट्टी काढून तो भावकीत भैरोबाच्या पंगतीला आला. आमटी नानासोनं, म्हंजे भावकीतल्या वडीलधाऱ्यानं केलेली. जोतीराम वाटीत बघून म्हणाला, "हिच्यात आमची यॉट तरंगंल." पंगत हसली, नानासो हसला न्हाई. फुडल्या सालापास्नं जोतीरामच्या दारात आवतण जायचं बंद झालं.

आमच्याकडं आवतणाची रीत हाय. दारात उभं राहून तीन हाका मारायच्या. आतनं ओ आली, तर पंगतीत पान. न्हाई आली, तर माणूस मागं फिरतो. बेल वाजवणं, फोन करणं हा भावकीला कमीपणा.

रिटायर होऊन जोतीराम गावाला आला. आता त्याला भैरोबाच्या पंगतीत परत बसायचं हुतं, बाकी काय नको हुतं. पण बंगला बांधला हायवेला, आन खिडक्या यॉटीच्या. बाहेरनं बघितलं तर आरसा, आतनं शांत. काचा दिल्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या भरतेशनं. तो म्हणाला, "आण्णा, एक तरी खिडकी उघडणारी ठेवा की."

"फट म्हंजे भोक, भरतेश. भोकानं बोट बुडती."

"आवं, पण उंब्रजला समुद्र कुठनं येणार?"

औंदा चार लोकांनी नानासोची समजूत घातली. आवतण येणार, ही बातमी आधीच पोचली. जोतीरामची बायको राहीबाई म्हणाली, "मी पायरीवर बसती."

"दारात बसून वाट बघायला आपण काय भिकारी हाय व्हय? हाक आली की उठू."

दोघं नवी कापडं घालून, पडदे वढून, एसीत बसली.

बाहेर नानासोनं तीन हाका मारल्या. काचेत त्याला त्याचंच बोळकं तोंड उघडताना दिसलं. पंगतीत जाऊन तो म्हणाला, "गाडी दारात, चपला दारात, ओ न्हाई. माज उतरला न्हाई गड्यांनो."

दुपार कलली तशी राहीबाईनं दार उघडलं. माणसं पान चघळत परतताना दिसली. "आवं, जेवून आली की समदी," ती म्हणाली. जोतीरामचं तोंड तिनं बघितलं आणि पिठलं टाकायला गेली.

सकाळी जोतीराम नानासोकडं गेला. "दादा, देवाशप्पत ऐकाय आलं न्हाई."

"माजी हाक वढ्यापलीकडं जाती रं. तुझ्या काचेतनं जात न्हाई?"

"मग या, आत बसून बघा. मी बाहेरनं हाका मारतो."

नानासो आणि चार म्हातारी सोफ्यावर बसली. पडदा सारला. जोतीराम उन्हात उभा राहून वरडाय लागला. तोंड हालत हुतं, शिरा फुगत हुत्या, आवाजाचा टिपूस न्हाई. मागनं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्योबी मुका. नानासोनं बशीतला चहा वढला. जन्मात पयल्यांदा त्याला जोतीराम आवडला.

"बोलवू का आत त्यास्नी?" राहीबाईनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे की जरा. गार हाय हितं."

दुसरा चहा झाल्यावर नानासो बाहेर आला. काचेवर थाप मारून म्हणाला, "खरं बोलला गड्या. काच एक नंबर हाय."

"मग फुडल्या साली आवतण?" जोतीरामचा घसा बसला हुता.

"देणार की. दारात येऊन तीन हाका मारणार. रीत हाय. ऐकायचं कसं, ते तुझं तू बघ."

राहीबाई फोन कानाला लावून दारात आली. "भरतेश बोलतोय," ती म्हणाली. "भोक केवढं पाडू, इचारतोय."