ठके, दिवा लाव गं

सांगते, पण आधीच बजावते — असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. आम्ही बौद्ध. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दारासमोरच लावलेल्या. एखादं भूत आलंच असतं तर त्याला आधी त्या वाचून मग पुढे यावं लागलं असतं!

गोष्ट लोडशेडिंगच्या दिवसांतली, २००६-०७ ची. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आई माझ्याकडे होती. लकवा मारून वर्ष होत आलेलं. उजवा हात गेला, वाचाही गेली. धरून चालायची, जेवायची, पण तोंडातून शब्द नाही. मी "आई" म्हणून हाक मारली तरी वळून बघायची नाही, ते फार लागायचं. डॉक्टर म्हणाले, जुन्या ओळखीच्या जागी नेऊन बघा. मला काय, तिनं एकदा ओ दिलेली ऐकायची होती… बस्स.

आईचं लहानपण अंबरनाथला, कारखान्याच्या चाळीत. चाळ कधीच पाडली, पण समोरची ज्यूंची मशीद उभी होती. हो, ते लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. बरीचशी मंडळी इस्रायलला गेली, प्रार्थना बंद पडली, आणि तिथे त्यांच्या जुन्या वस्तूंचं छोटं म्युझियम झालं. मी एमआयडीसीत अकाउंट्सला, आमची सुट्टी शुक्रवारी. घरचं आवरून आईला रिक्षात घालून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आणि इथंच चुकलं माझं.

तिथली देखभाल करणारे सॅमसनकाका कुलूप हातात घेऊनच उभे. "ताई, शुक्रवारी एवढ्या उशिरा? दिवस मावळला की आमचा शब्बाथ लागतो, शनिवारची सुट्टी." मग आईकडे बघून विरघळले. "या, या. पाच मिनिटं."

आत एक जुना तेलघाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून यांना शनवार तेली म्हणायचे, असं काका सांगत होते. छताला काचेचे दिवे लोंबत होते. वर बायकांना बसायची माडी, पण जिना मोडल्यापासून फळ्या ठोकून बंद केलेली. आई सगळ्याकडे नुसती बघत होती, डोळ्यांत ओळख नाही. माझा अगदी हिरमोड झाला.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग, दुसरं काय!

"ताई, कोनाड्यात मेणबत्ती आहे, काडेपेटी आहे," काका अंधारातून म्हणाले. "पण आता दिवस मावळला. शब्बाथला आम्ही विस्तव पेटवत नाही, मी काडी ओढणार नाही. तुम्हीच लावा."

मी चाचपडत होते. आणि वरून, त्या बंद माडीवरून, हाक आली. बाईचा आवाज. थकलेला, मायेचा, चाळीत या दारातून त्या दारात मारतात तशी हाक —

"ठकेऽ… दिवस मावळला गं. ये, दिवा लाव."

आणि माझ्या शेजारून आई बोलली. "आले गं मावशी!"

अगदी स्वच्छ! माझा हात सोडून ती भिंतीला धरत कोनाड्यापाशी गेली, डाव्या हातानं काडेपेटी उचलून माझ्यापुढे धरली. पेटी मी धरली, काडी तिनं ओढली. उजेडात बघते तर आई हसत होती! मला रडूच फुटलं.

"कोणाला 'आले' म्हणाल्या या?" काकांनी हळूच विचारलं.

"वरून हाक आली ना!"

"वर कोण असणार, ताई? मी यांचाच आवाज ऐकला." मग मेणबत्तीकडे बघत म्हणाले, "पूर्वी शब्बाथला दिवा-शेगडी पेटवायला शेजारची पोर यायची आमच्याकडे…"

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मामाकडे गेले. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये त्याचं जीन्सच्या कटिंगचं काम. विचारलं, "मामा, ठकी कोण रे?"

त्याची कात्री थांबली. "तुला कोणी सांगितलं? तुझ्या आईला ठकी म्हणणारी एकच बाई, शेजारची हन्नामावशी. शुक्रवारी दिवा लावायला हाक मारायची. तुझ्या आईच्या लग्नाआधीच वारली बिचारी."

खरं सांगू? मला भीती नाही वाटली, राग आला. वर्षभर आई-आई करून माझा घसा कोरडा पडला, आणि ही ओ देते शेजारणीला! घरी आले. आई खिडकीशी बसलेली. "आई," म्हटलं. काही नाही. मग इकडेतिकडे बघून, लाजत लाजत म्हटलं, "ठके…"

वळली. "आले," म्हणाली.

पुढे जगली तोवर तेवढा एकच शब्द राहिला तिच्याकडे. मला पुरला. लहानपणी तिनंच कधी ते नाव सांगितलं असेल आणि मी विसरले असेन, असंही मनाला समजावून बघितलं. पण मग आवाज? तो मी माझ्या कानांनी ऐकलाय…

शेवटी हॉस्पिटलमध्ये तिला फार त्रास होत होता. श्वास अडकत अडकत चाललेला. नवरा म्हणाला, "अगं, हाक मार ना, तुझ्या हाकेला येते ती."

मी नाही मारली. मारली असती तर ती आली असती.