दुर्बीण आणि नवे गुरुजी

माझ्या धाकट्या दिराला कामावर सगळे दुर्बीण म्हणायचे. हे नाव मीच ठेवलेलं आणि मिरवलंही मीच, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघं एकाच ठिकाणी नोकरीला आहोत. हातात धरून गेम खेळायचे, पडदा असलेले कन्सोल दुरुस्त करायचं केंद्र आहे ते. मी पुढे काउंटरवर बसते, लोकांची बिघडलेली यंत्रं घेते आणि त्यांची रडगाणी ऐकते. भावजी आत, शेवटच्या टेबलावर. दुरुस्त झालेला प्रत्येक कन्सोल त्यांच्या हातून गेल्याशिवाय माझ्याकडे परत येत नसे. पडद्यावर मोहरीहून बारीक ठिपका मेलेला असला तरी त्यांना दिसायचा. बाकीचे भिंग लावून शोधत बसायचे, आणि हे चहा पिता पिता लांबूनच म्हणायचे, "वरच्या कोपऱ्यात बघा."

तपासणीसाठी कंपनीचा एक प्रोग्राम आहे. तो बाजारात मिळत नाही, फक्त आमच्यासारख्या केंद्रांना देतात. छोटं कार्ड कन्सोलमध्ये सरकवायचं, दोन बटणं दाबून धरायची, की गेमऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. मग तो एकेक विचारत जातो. हे बटण दाबा. आवाज आला का? पडदा लाल दिसतो का? हिरवा दिसतो का? तपासणाऱ्याने हो किंवा नाही दाबायचं, आणि शेवटी तो सांगणार पास की नापास. आम्ही त्याला गुरुजी म्हणतो. गुरुजींनी पास केल्याशिवाय एकही यंत्र वर्गाबाहेर पडत नाही.

आणि या दुर्बिणीला लाल रंग दिसत नव्हता.

जन्मापासूनच. लाल त्यांना काळपट दिसतो, हिरवा आणि तपकिरी तर सख्खे भाऊ. शाळेत त्यांनी एकदा झाडाला तपकिरी पानं काढली आणि बाईंनी ती वही सगळ्या वर्गाला फिरवून दाखवली. घरी येऊन रडले, तेव्हा सासूबाईंना उलगडा झाला. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं नाही की शाळेत जाऊन बाईंशी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. डोळ्यांत दोष आहे म्हटल्यावर उद्या मुलगी कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची." तेव्हापासून त्यांच्या शर्टांच्या कॉलरला आतून दोऱ्याच्या खुणा असत. गाठ म्हणजे हिरवा, फुली म्हणजे तांबडा. लग्नानंतर त्या खुणा जाऊबाई घालू लागल्या. मी त्या घरात इतकी वर्षं नांदतेय, वाळत घातलेले कपडे कितीदा गोळा केलेत, पण मला वाटायचं जाऊबाईंना उसवलेलं शिवता येत नाही.

मग ते गुरुजींसमोर पास कसे व्हायचे? पाठांतर. जुने गुरुजी रोज तेच पाच रंग, त्याच क्रमाने विचारायचे. आधी लाल, मग हिरवा, निळा, पांढरा, काळा. उजेड नीट पसरलाय की नाही, ठिपका मेलाय की नाही, हे भावजींना कुणाहूनही चांगलं कळायचं. रंगाचं नाव त्यांना बघावं लागतच नव्हतं. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीबद्दल माणूस स्वतःलासुद्धा प्रश्न विचारत नाही.

मग घड्याळवाली आली. ती आधी घड्याळं दुरुस्त करायची. ते दुकान बंद पडलं म्हणून आमच्याकडे कामाला लागली. भावजींपेक्षा वयाने मोठी, बोलायला कमी, डोळ्याला भिंग लावून बसली की जेवायला हाक मारावी लागे. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मुलं शाळेत, एवढं मला तिच्याकडून कसंबसं कळलं होतं. साहेबाने तिला आधी परीक्षेवर ठेवलं होतं, काम पसंत पडलं तर कायम करू म्हणून. तिच्याकडे पडदे बदलायचं काम. फुटलेला काढायचा, नवा बसवायचा आणि त्याच्या मागची पातळ पट्टी खाचेत अलगद सरकवायची. ती पट्टी केसभर तिरकी बसली तरी एखादा रंग गायब होतो. घड्याळवालीचा हात पाहिला की वाटे, ही पट्टी बसवत नाहीये, बाळाला झोपवतेय.

तरी तिने बसवलेला एक पडदा परत आला. काउंटरवर मीच घेतला. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, यातली सगळी माणसं मेल्यासारखी दिसतात." खरंच, चेहरे हिरवट-निळे पडलेले. मी कन्सोल आत नेऊन साहेबाला दिला. साहेबाने पाहिलं आणि म्हणाला, "लाल गेलाय." थोड्या दिवसांनी दुसरा आला. मग आणखी एक.

साहेब वाईट माणूस नाही, पण त्याचा हिशोब सरळ असतो. त्याने घड्याळवालीला भावजींच्या टेबलापाशीच बोलावलं. मी तिथेच तिसरा कन्सोल हातात घेऊन उभी होते.

"बाई, इथून जाताना यंत्र पास झालेलं आहे. म्हणजे तेव्हा लाल होता. नंतर गेला, म्हणजे पट्टी सुटली. म्हणजे हात कच्चा."

"पट्टी सुटलेली नाही साहेब. मी उघडून बघितली. जशी बसवली तशीच आहे."

साहेब भावजींकडे वळला. "दुर्बीण, हा तूच तपासलास ना? तेव्हा रंग बरोबर होता?"

भावजींनी कन्सोल हातात घेतला, उगीच उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हो. बरोबर होता."

साहेबाने तिला महिनाअखेरपर्यंत यायला सांगितलं, पुढे नको म्हणाला. आपल्या टेबलावर जाऊन तिने भिंग लावलं आणि चिमटा उचलला. मी मात्र बोलले. काउंटरवर परत आल्यावर शेजारी बसणाऱ्या मुलीला म्हणाले, आमच्या भावजींची नजर चुकायची नाही, बाईचाच हात जड असणार. ते माझे शब्द मला आज चावतात.

भावजींना 'लाल गेलाय' हे शब्द ऐकल्याबरोबर सगळं कळलं होतं. लाल जाऊन पडदा काळा झाला, तर त्यांना तो काळा आणि त्यांचा नेहमीचा लाल सारखाच. घरी गेल्यावर पानावर बसले आणि तसेच उठले, असं जाऊबाई सांगतात. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या आला की ते शेवटच्या टेबलावर बसायचे, कुणीतरी "दुर्बीण, जरा हे बघ रे" म्हणायचं, आणि सांगणं परवावर जायचं.

अशातच नवे गुरुजी आले. प्रत्येक केंद्रात लोक न बघताच हो दाबत सुटतात, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. म्हणून नव्या प्रोग्रामात रंग कोणत्याही क्रमाने यायचे, आणि हो-नाहीऐवजी दिसलेल्या रंगाचं नाव निवडायचं. रंग नसेल तर काळा निवडायचा. चुकलं की नापास. साहेबाने सगळ्यांना सांगितलं, "पहिले कन्सोल दुर्बीण करेल. त्याच्याकडून शिका."

पहिला नापास. दुसरा नापास. दोन्ही घड्याळवालीच्या टेबलावरून आलेले. साहेबाने तिच्याकडे पाहून फक्त सुस्कारा सोडला आणि आत निघून गेला. तिने ते कन्सोल उघडले, पट्ट्या पाहिल्या, पुन्हा बंद केले आणि सरळ येऊन भावजींच्या खुर्चीमागे उभी राहिली. "पुन्हा लावा," म्हणाली. "मला बघू दे."

पुढचं मला भावजींनी स्वतः सांगितलं. पडद्यावर एक रंग आला. त्यांचं बोट यादीवर वरखाली फिरू लागलं. मागून ती हळूच म्हणाली, "हिरवा." त्यांनी हिरवा निवडला. पुढचा रंग आला. "लाल." यंत्र पास झालं. तिने दुसरं पुढे सरकवलं. त्यांना वाटलं, ही आता ओरडणार. ती ओरडली नाही. सकाळभर तिच्या टेबलावरचे कन्सोल घेऊन ती त्यांच्यामागे उभी राहिली आणि रंग सांगत राहिली. एकदा ते पुटपुटले, "कशाला करताय?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही करत भाऊ. माझं काम पास व्हायला पाहिजे."

मग एका कन्सोलवर ती थांबली. "काळा," म्हणाली.

"नाही, हा लाल आहे," भावजी म्हणाले. "काळा आत्ताच होऊन गेला."

"काळा आहे. इथे रंगच नाही."

"लाल असाच तर दिसतो नेहमी."

"नेहमी?" तिने विचारलं.

तिने त्यांच्या हातातून तो कन्सोल घेतला, मागचं झाकण उघडलं आणि पट्टी भिंगाखाली धरली. पट्टी सरळ बसलेली होती. म्हणजे पडदाच मुळात खराब आलेला. परत आलेलेही तसेच असणार, पाठवणाऱ्याच्या त्या मालातच दोष असणार. ज्या माणसाने तो पहिल्याच दिवशी अडवायचा, त्याला तो दिसलाच नव्हता, आणि न दिसलेल्या रंगाची त्याने साक्ष दिली होती. तिने कन्सोल त्यांच्यापुढे ठेवला आणि आपल्या जागेवर निघून गेली. साहेबाकडे गेली नाही. दुर्बिणीविरुद्ध तिचं कोण ऐकणार होतं?

भावजी माझ्या काउंटरवर आले. समोर गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "वहिनी, मला लाल दिसत नाही."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतायत, दीर-भावजयीत चालतं तेवढं. पण ते तसेच उभे राहिले आणि मग सगळं बोलले. शाळेतली वही, कॉलरच्या गाठी, पाठ केलेले रंग, आणि ते "हो, बरोबर होता." मला त्यांची कीव यायला हवी होती. आला तो राग.

"हे मला काय सांगताय? माझी नोकरी गेलीय का? आत जा आणि सगळ्यांसमोर सांगा."

ते गेले. मी पण मागोमाग गेले, कारण मला खात्री नव्हती. त्यांनी मधोमध उभं राहून सांगितलं, अगदी मोजक्या शब्दांत. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग नेहमी होतं तेच झालं. पॅकिंगवाल्याने आपला शर्ट ताणून विचारलं, "हा कोणता?" कुणीतरी वायर वर धरली, "आणि हा?" भावजी प्रत्येकाला उत्तर देत होते आणि बहुतेक उत्तरं चुकत होती. लोक हसत होते, त्यात दुष्टावा नव्हता. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. माझ्या घरचा माणूस उभा होता तिथे, आणि त्याचा तमाशा चालला होता.

साहेब हसला नाही. त्याने विचारलं, "त्या दिवशी मी तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू बरोबर होता म्हणालास."

"हो."

तेव्हा हसणं थांबलं. पॅकिंगवाल्याने ताणलेला शर्ट सोडला आणि नीट खोचला. डोळ्यांचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. साहेब तर म्हणालासुद्धा की आधी बोलला असतास तर त्याच दिवशी तुला बटणं आणि चार्जिंग तपासायला दिलं असतं, त्यात काय एवढं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्या पोराने जन्मभर मूठ झाकून ठेवली होती.

उरलेले पडदे खोक्यातून काढून तपासले तर निम्मे खराब निघाले. घड्याळवालीला साहेबाने कायम केलं, आणि पडद्यांची तपासणीही तिच्याकडेच दिली. शेवटच्या टेबलावर आता ती बसते. भावजी माझ्या शेजारी काउंटरवर आले.

घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "कशाला सांगितलंस रे?" आणि मग मलाच रडू फुटलं. मी त्याच संध्याकाळी नवऱ्यालाही समोर बसवून घरातल्या एकेका कपड्याचा रंग विचारला, कारण ते बाजारातून कायम कच्चे टोमॅटो आणतात. ते पूर्ण पास झाले. ते नुसतेच निष्काळजी आहेत.

माफी मागायला भावजी दुसऱ्याच दिवशी गेले. तिच्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "मला लाल खरंच दिसत नाही हो. लहानपणापासून." तिने भिंग काढलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"लाल दिसत नव्हता, ते कळलं मला भाऊ. पण मी तर दिसत होते ना?"

काउंटरवर परत येऊन त्यांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं.

त्याला आता बरेच महिने झाले. त्यांना दुर्बीण कुणी म्हणत नाही, मी तर नाहीच. ती चांगली बोलते माझ्याशी. संध्याकाळी घरी निघाली की काउंटरपाशी थांबून मला "येते हं" म्हणते. भावजींना काही म्हणत नाही. तिची पावलं वाजली की हातातलं काम सोडून ते खुर्चीतून उठून उभे राहतात, आणि ती दाराबाहेर गेल्यावर खाली बसतात.